मी हिरवी नव्हतेच

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोलची टाकी आहे. मोटरसायकलची. माझ्या उजव्या अंगावर रंग आहे आणि डावं अंग सोललेल्या बटाट्यासारखं उघडं आहे. लोक येतात, एक फेरी मारून दोन्ही बाजू बघतात आणि हळहळतात. काहीजण उघड्या बाजूकडे बघून हळहळतात, त्यांचं मी समजू शकते. पण बरेचजण रंगाच्या बाजूकडे बघून नाक मुरडतात आणि म्हणतात, 'रंग चुकीचा आहे हो.' या लोकांची मला शिसारी येते. का येते ते आज सांगूनच टाकते. ऐकायचं तर नीट ऐका, आणि तोवर माझ्यावर चहाचे कप ठेवू नका.

माझा जन्म इंग्लंडमधल्या बिल्स्टन गावचा. कालव्याच्या काठी, धुराड्यांच्या दाटीत कॉर्वडेल मोटरसायकलचा कारखाना होता. पहिलं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. पत्रा वाकवून, ठोकून, सांध्यांना डाख देऊन मला घडवलं. मग रंगखात्यात नेऊन निळ्या रंगात बुडवलं आणि भट्टीत भाजलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा भाजलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या कामगाराच्या सदऱ्याचा असतो ना, तसला तो निळा. भपका नाही, पण डोळ्याला बरा वाटणारा.

त्यानंतर मी विनी ट्रँटरच्या पुढ्यात आले. विनी टाक्यांवर रेघा ओढायची. तिच्या हातात लांब केसांचा बारीक कुंचला असायचा. करंगळी माझ्या कडेवर टेकवायची, श्वास रोखायचा आणि एका दमात पांढरी रेघ ओढायची. आधी एक जाड, तिच्या आतून एक बारीक. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. कुंचला जिथे टेकला तिथे रेघ केसभर जाड, जिथे उचलला तिथे केसभर बारीक. दोन्ही टोकं पुढे सीटचं नाक येणार त्या जागी जुळायची.

एकदा मुकादम तिच्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "विनी, रेघ ओढतेस की अंगाई गातेस?"

विनीने मान वळवली नाही. "तुम्ही ओढा," म्हणाली, "मी तोवर अंगाई गाते. तुम्हाला झोप तरी लागेल."

शेजारच्या बाया हसल्या आणि मुकादम पुढच्या टेबलाकडे गेला. मला ती रेघ अजून आठवते. थंडगार लागली होती.

आता कारखान्याच्या मालकाविषयी. मालक महाचिक्कू. टाकीला दोन्ही अंगांना रबर लावतात, गाडीवर बसणाऱ्याचे गुडघे टेकावेत म्हणून. बाकी ठिकाणी आधी टाकीला वार्निश मारायचे आणि मग रबर बसवायचे. आमच्या मालकाने उलटं केलं. "रबराखाली वार्निश कशाला घालवायचं? गुडघ्याला काय दिसतंय?" असा त्याचा सवाल. म्हणून आमच्याकडे रेघा ओढून झाल्या की आधी रबर बसायचं, आणि मग जे उघडं राहिलं असेल तेवढ्यावरच वार्निशचा हात फिरायचा. विनीची रेघ रबराच्या खालून जायची, तेवढा तुकडा कोरडाच राहायचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण मोठमोठ्या जाणकारांनी ती ध्यानात ठेवली नाही.

मला विकत घेतलं हॉरेस पार्जिटरने. म्हणजे पूर्ण गाडीच घेतली, पण टाकीशिवाय गाडी ती काय? हॉरेस जवळच्या विलनहॉल गावी कुलपांच्या कारखान्यात कामाला होता. थोडकं बोलायचा. शनिवारी दुपारी मऊ फडका घेऊन मला पुसायचा, आणि पुसताना बायकोला म्हणायचा, "बघ, कशी निळी आहे." बायको म्हणायची, "मला कधी एवढं न्याहाळलं नाहीस." तो म्हणायचा, "तुला रेघा कुठे आहेत?" एवढ्यावर त्यांचं भांडण मिटायचं.

पण वार्निश म्हातारं होतं, मित्रांनो. ऊन लागतं, धूर लागतो, पेट्रोलचा वास बसतो आणि ते जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं पडत जातं. निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं ते तुम्ही चित्रकलेच्या तासाला शिकला आहात. मी हळूहळू हिरवी दिसू लागले. विनीची पांढरी रेघ सोनेरी दिसू लागली. हे इतकं सावकाश झालं की कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोल मिळेनासं झालं आणि मी बटाट्यांच्या रिकाम्या पोत्यांखाली पडून राहिले. बाहेर आले तेव्हा मी चांगलीच हिरवी झाले होते.

युद्धानंतर हॉरेसला उशिरा मुलगी झाली. तिचं नाव बेरिल. जरा बसू लागली तशी तो तिला माझ्यावर, स्वतःच्या पुढ्यात बसवायचा आणि गल्लीतून सावकाश फेरी मारायचा. पोर दोन्ही तळव्यांनी मला घट्ट धरायची. तिच्या हातांनी माथ्यावरचा रंग झिजला. वार्निश गेलं, खालचा रंग गेला, पत्रा दिसू लागला आणि त्या पत्र्याभोवती निळ्याची एक बारीक कड राहिली. माझ्या अंगावरची ही सगळ्यात आवडती जागा. झिजणं म्हणजे खराब होणं, असं मानणाऱ्यांना आयुष्यात कुणी हौसेने धरलेलं नसतं.

पुढे हॉरेसने छोटी मोटार घेतली आणि मी परसातल्या खोपटात गेले. तिथे त्याची कबुतरं होती. कबुतरं माझ्यावर बसायची आणि जे करायचं ते करायची. उंदरांनी सीटमध्ये घर केलं. याची मला किळस आली असेल, असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. कबुतर घाण करतं आणि उडून जातं. ते तुम्हाला वर असं ऐकवत नाही की हे मी तुझ्या भल्यासाठी केलं.

आता डेस्मंड यार्नल्ड आला. जुन्या कॉर्वडेल गाड्या बाळगणाऱ्यांचा एक क्लब निघाला होता आणि यार्नल्ड त्यांचा रंगातला जाणकार. तो तेव्हा तरुण होता आणि बसगाड्या रंगवायचा. हात चांगला होता, ते मी नाकारत नाही. क्लबातल्या सगळ्या गाड्यांचे रंग केव्हाच खरवडले गेले होते, काळे फासले गेले होते. कारखान्यातला मूळ रंग अंगावर असलेली टाकी म्हणजे मी एकटीच उरले होते. तेव्हा तो रंगांच्या पट्ट्या घेऊन खोपटात आला, मला उन्हात काढलं आणि एकेक हिरवी पट्टी माझ्या अंगाला लावून बघू लागला.

हॉरेस तेव्हा म्हातारा झाला होता. कबुतरांना दाणे टाकता टाकता म्हणाला, "नवी आणली तेव्हा निळी होती ती."

यार्नल्ड हसला. "मिस्टर पार्जिटर, किती वर्षं झाली त्याला."

"वर्षं होऊ दे. निळी होती. रेघ पांढरी होती."

"मला सोनेरी दिसतेय."

"तुला आज दिसतेय. मी तेव्हा बघितली."

बेरिल चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बाबा, मी तर हिरवीच बघितलीय. मी बसायचे ना तिच्यावर."

"तू जन्मली नव्हतीस, पोरी," हॉरेस म्हणाला. मग त्याने माझ्या माथ्यावरच्या त्या कडेवर बोट ठेवलं. "हे निळं काय आहे मग?"

यार्नल्डने चष्मा पुढे करून बघितलं. "हे अस्तर. रंगाआधी मारतात ते. तुम्ही तेच कुठेतरी बघितलं असणार आणि तेच डोक्यात राहिलं. या वयात होतं असं."

बेरिल ओठ दाबून हसली. हॉरेस दाण्यांचं भांडं उचलून कबुतरांकडे गेला. त्याला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. म्हातारा म्हटलं होतं. खोटारड्याला निदान भांडता येतं.

त्या दिवशी जी हिरवी पट्टी माझ्या वार्निशशी जुळली, तो झाला क्लबाचा अधिकृत रंग. मग काय, एकेक गाडी त्या हिरव्यात न्हाऊन निघाली. बेरिल मला त्यांच्या मेळाव्यांना न्यायची, तेव्हा मी बघायचे. जाड, गुळगुळीत, भांड्यांच्या दुकानासारखा चकचकाट. रेघा सोनेरी, त्याही चिकटवलेल्या. सुरुवातीला जेवढी जाड, शेवटीही तेवढीच. तिच्यात श्वास नाही, करंगळी नाही. परीक्षक वाकून बघायचे आणि म्हणायचे, "वा, कारखान्यातून आली तेव्हाही एवढी छान नसेल." अहो, मग ती खोटी आहे ना? तुमच्या आजीला कुणी म्हणालं, की तुम्ही लग्नातसुद्धा एवढ्या गुळगुळीत नव्हता, तर आजी काय करेल? आणि त्या हिरव्यांच्या रांगेत मला शेवटी उभं करायचे, डाग पडलेली म्हणून.

हॉरेस गेला. जाईपर्यंत तो अधूनमधून म्हणायचा, "निळी होती." बेरिल म्हणायची, "हो बाबा." तुम्हीही घरच्या म्हाताऱ्यांना तसंच 'हो हो' म्हणता. ते त्यांना कळतं, एवढंच सांगते.

बेरिलने गाडी ठेवून घेतली. लग्न केलं नव्हतं, शाळेत स्वयंपाकघर सांभाळायची, आणि वडिलांसारखीच शनिवारी फडका घ्यायची. वर्षं गेली. तीही म्हातारी झाली आणि एक दिवस माझ्या खालच्या सांध्यातून पेट्रोल ठिबकू लागलं. डाख सुटला होता. ती मला उतरवून यार्नल्डकडे घेऊन गेली. तोही आता थकला होता, तरी हौसेने काम करायचा.

"गळती तेवढी थांबवा," बेरिल म्हणाली. "रंगाला हात लावायचा नाही."

"मिस पार्जिटर, क्लबाचा मोठा मेळावा आहे. जाता जाता रंगही करून देतो की. माझ्याकडून भेट."

"भेट नको. बाबांनी ठेवली तशी राहू दे."

"बघतो," यार्नल्ड म्हणाला. 'बघतो' म्हणणाऱ्याच्या हाती कधी काही देऊ नये. पण ती देऊन गेली.

सांध्याला डाख द्यायचा तर रबरं काढावी लागतात. त्याने उजवं रबर काढलं. इतक्या वर्षांत ते कधी निघालं नव्हतं. खाली गुडघ्याएवढी निळी जागा होती, काल भट्टीतून काढल्यासारखी, आणि तिच्यातून विनीची पांढरी रेघ गेली होती. यार्नल्ड स्टुलावर बसला. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग डावं रबर काढलं. तिथेही तेच.

त्याला सगळं कळलं, मित्रांनो. रंगारीच तो. न कळून त्याने पुढचं केलं असतं तर मी माफ केलं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती सगळी हिरव्या गाड्यांची रांग आली असणार, त्याच्याच शब्दावर रंगलेली. ही एक टाकी हिरवी केली, की निळ्याचा पुरावा जगात कुठेच उरत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने रंग काढायच्या औषधाचा डबा उघडला आणि डाव्या अंगाला फासला.

ते कसं असतं ते सांगू का? रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मग माणूस पात्याने तो खरवडतो आणि वर्तमानपत्रावर टाकतो. विनीची रेघ पहिल्याच फटक्यात गेली. माथ्यावरची ती झिजलेली जागा अर्धी गेली. वास असा, की यार्नल्डचेही डोळे गळत होते. खरवडताना तो शीळ वाजवत होता. मला त्या शिळेची सगळ्यात जास्त घाण वाटली.

डावं अंग साफ झालं तेव्हा दार वाजलं. बेरिल होती. गळती काढून देतोय म्हणून त्याच्यासाठी मनुका घातलेलं पावाचं पुडिंग करून आणलं होतं, कापडात बांधून, अजून गरम. तिने आत पाऊल टाकलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला नाही. पुडिंग बाकावर ठेवलं, वर्तमानपत्रावरची ती ओली सालं बोटाने उलटी केली. वरून हिरवी, खालून निळी.

"हे काय?" तिने विचारलं.

"अस्तर आहे," यार्नल्ड म्हणाला. "मी सांगितलं होतं तुमच्या बाबांना."

बेरिलने मला फिरवलं. उजव्या अंगाची उघडी पडलेली निळी जागा बघितली. बराच वेळ बघितली. मग पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"अस्तरावर कोणी रेघा ओढतं का, मिस्टर यार्नल्ड?"

यार्नल्डने पातं पुसायला घेतलं.

"तुम्ही रंगारी आहात. जन्मभर रंगवलंत. सांगा ना. जे झाकायचंच आहे त्यावर कोणी रेघा ओढेल का?"

"मिस पार्जिटर, क्लबात एवढ्या लोकांनी एवढी मेहनत घेतलीय. आता हे कशाला उकरायचं? कुणाचं भलं आहे त्यात?"

"बाबांचं," ती म्हणाली. "मी त्यांना हसले होते. तुम्हीही हसला होतात. ते खरं सांगत होते." तिने मला पिशवीत घातलं, बाकावरचं पुडिंग पुन्हा काखेत घेतलं आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "हे मी तुमच्यासाठी केलं होतं. आता कबुतरांना घालते."

गळती तिने दुसरीकडे काढून घेतली, रबरंही परत बसवून घेतली. रंग मात्र लावू दिला नाही. मेळाव्याला मी अशीच गेले, एका अंगाला हिरवी, एका अंगाला नागडी. पबच्या मागच्या अंगणात सगळ्या हिरव्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, उन्हात चमकत. माझ्याकडे बघून एक बाई म्हणाली, "अगं बाई, हिला काही घालून तरी आणायचं." बेरिलने खिशातून पेचकस काढला आणि सगळ्यांसमोर उजवं रबर सोडवलं.

"माझे वडील म्हणायचे ती निळी होती," ती म्हणाली. "बघून घ्या."

सगळे बघायला आले. एकामागून एक वाकले. खोकले. कोणी आपल्या गाडीकडे चोरून बघितलं. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल की चुकलंच आपलं. एवढी सोपी गोष्ट होती. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

क्लबाचे अध्यक्ष नॉर्मन हिकलिंग म्हणाले, "एखाद्या गिऱ्हाइकाने मुद्दाम निळी मागितली असेल. असं होतं कधी कधी."

"माझ्या वडिलांनी दुकानात होती ती घेतली," बेरिल म्हणाली.

"हो, पण तुम्ही तेव्हा नव्हता."

"तुम्ही होतात?"

अध्यक्षांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी मत घ्यायचं ठरवलं. होय, मत. कारखान्याने मला कुठल्या रंगात बुडवलं, यावर त्या अंगणात हात वर करून मतदान झालं. मी समोर उभी होते. निळी जागा उघडी होती. आणि हात वर गेले, एकामागून एक, हिरव्याच्या बाजूने. ठरलं असं की कॉर्वडेलचा रंग हिरवाच, आणि पार्जिटरांची गाडी हा अपवाद. परीक्षकांनी चुकीच्या रंगाची म्हणून माझे गुण कापले. हात वर झाले तेव्हा यार्नल्ड काय करत होता, विचारा. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. सगळे हात खाली येईपर्यंत त्याची नाडी काही बांधून झाली नाही.

लोकांना वाटतं गंज ही सगळ्यात घाणेरडी गोष्ट. मी तो दिवस बघितला आहे, मला विचारा.

बेरिलने रबर पुन्हा लावलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं. मग एकट्या बाबांचीच निळी होती. एवढं तर लिहून ठेवाल ना, की ते बरोबर होते?" तेवढ्यात चहा आला, आणि सगळ्यांना एकदम चहाची फार गरज भासली.

तर मित्रांनो, मी हिरवी नव्हतेच. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला फडक्याने पुसा, तिचा गळका सांधा दुरुस्त करा, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. पण तिला नवी करू नका. तिच्या अंगावर जे आहे ते कुणीतरी श्वास रोखून ओढलेलं असतं, कुणीतरी दोन्ही हातांनी झिजवलेलं असतं. ते एकदा खरवडलं की जगातलं कुठलंही दुकान ते परत देत नाही. आणि घरातलं म्हातारं माणूस 'निळी होती' म्हणालं, तर हसण्याआधी एकदा रबर काढून बघा.

माझ्या उघड्या अंगाला आता गंज धरतोय. बेरिल दर शनिवारी तेलाचा बोळा फिरवते, तरी तो थोडा थोडा पुढे सरकतो. क्लबातले लोक तिला सांगतात, "निदान ती बाजू तरी रंगवून घ्या, किती घाण दिसतं." ती म्हणते, "दिसू दे." मलाही तेच म्हणायचं आहे. दिसू दे. तो गंज माझाच आहे, आणि त्याच्यावर अजून कुणी मत घेतलेलं नाही.